कपातली साखर आणि आईचा अपराध
(डोंबिवलीतील वस्ती-गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



ठाण्यात बसमध्ये आपण सहज म्हणतो, "एक कॅडबरी जंक्शन द्या." कंपनीचं नाव चौकाला पडलं, तसंच ते आपल्या घरातही शिरलं. 1948 साली भारतात आलेली ही ब्रिटिश कंपनी 2010 मध्ये अमेरिकन मालकीची झाली. 2014 पासून तिचं इथलं नाव मोंडेलीझ. बोर्नव्हिटा तिचंच.

त्याची जाहिरात आठवा. मुलगा धावतो, आई त्याच्याबरोबर धावते. मुलगा जिंकला तर आई चांगली. मग हरला तर?

आमच्या गटातली एक ताई चार घरची धुणीभांडी करते. अंगात रक्त कमी. "सकाळी काय खाता?" विचारलं तर म्हणाली, "चहा-बटर. पण मुलाच्या दुधात पूड घालतेच. त्यात कमी नाही करत." दूध अर्धा कप, बाकी पाणी. मला पुढे बोलवेना.

आता डब्यात काय असतं ते पाहू. 2023 च्या एप्रिलमध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवरून देशभर ओरड झाली. बालहक्क आयोगाने कंपनीला नोटीस पाठवली. कंपनीचं म्हणणं, एका कपामागे दीड चमचाच साखर. तरी वर्षअखेर तिने वरून घातलेली साखर 100 ग्रॅममागे 37.4 वरून 32.2 ग्रॅमवर आणली. म्हणजे कमी केल्यावरही अर्ध्या किलोत दीडशे ग्रॅमहून जास्त साखर! एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा. कारण 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही.

त्या ताईचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मुलाच्या वाढीची सगळी जबाबदारी एकट्या आईची, हे आपल्या घरांनी आधीच ठरवलं होतं. जाहिरातीने त्यावर धंदा केला. त्यात आईचं स्वतःचं जेवण कुणाच्याच हिशोबात आलं नाही.

म्हणून दोन गोष्टी करू. साखर किती, हे पाकिटाच्या दर्शनी भागावर, मोठ्या अक्षरात, मराठीत हवं, ही मागणी लावून धरू. आणि पुढच्या बैठकीला घरातले रिकामे डबे, पाकिटं आणा. बारीक अक्षरं मिळून वाचू. त्या पैशात दूध, शेंगदाणे, अंडी किती येतात याचा हिशोब मांडू, आणि त्यात आईचा वाटा धरू.

नवऱ्यांनाही घेऊन या. मूल त्यांचंही आहे.