चुकलेलं नाणं आणि १२ लाखांचा फोन

देव्हाऱ्यातल्या डबीत, आजेसासूच्या बटव्यात जुनी नाणी आपल्यापैकी बहुतेकींकडे असतात. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसाही एखादीकडे निघेल. आज त्या डबीबद्दल बोलू.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका वहिनींना भाजीच्या गल्ल्यात २ रुपयांचं विचित्र नाणं सापडलं. ठसा एका बाजूला सरकलेला, दुसरीकडे चंद्रकोरीएवढी जागा कोरी. मुलाने फोटो मोबाईलवर टाकला. दुसऱ्याच दिवशी फोन: "१२ लाख देतो, आधी नोंदणीचे १,५०० भरा." वहिनींनी भरले. मग कराचे म्हणून ६,००० मागितले. त्यासाठी त्या मासिक बैठकीत अंतर्गत कर्ज मागायला आल्या.

खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणी द्यायला तयार होत्या. १२ लाख ऐकून डोकं ठिकाणावर राहतं का? तेवढ्यात गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "आगाशीच्या बाजारात जन्मभर केळी विकली. गिऱ्हाइकाने माझ्याकडेच पैसे मागितले, असं कधी झालं नाही." कर्जाचा विषय तिथेच मिटला.

पुढे कळलं, की रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात बँक नसते, शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि आपल्या नावाने ते घ्यायला कुणाला नेमलेलंही नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. वहिनींनी उशिरा केला. त्यांचे १,५०० अजून आलेले नाहीत.

पण नाणं खोटं नव्हतं बरं का! टांकसाळीत कोऱ्या चकतीवर दोन्ही बाजूंनी ठसे दाबतात. चकती नीट बसली नाही, की ठसा सरकतो. कधी आधीचं नाणं यंत्रातच अडकतं, मग पुढच्या चकतीवर तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं. आपलं नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटून बघा. मागची बाजूही सरळ दिसायला हवी. तिरकी दिसली तर ठसा फिरलेला. पोरांनी रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं मात्र यात धरत नाहीत.

सालाखालच्या खुणेलाही काही जणी चूक समजतात. ती टांकसाळीची खूण. चौकटच्या पत्त्यासारखी असेल तर मुंबई, चांदणी हैदराबादची, गोल टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकाता.

चुकीची मोठी गोष्ट १९११ ची. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका बारीक निघाला, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, रुपया थांबवला आणि १९१२ मध्ये ठसा बदलला. असल्या नाण्याला संग्राहक विचारतात. २०१२ चं वैष्णोदेवीचं नाणं किंवा ट्रॅक्टरची ५ रुपयांची नोट यांना लाखो मिळतात, ही नुसती अफवा.

वहिनींचं नाणं आम्ही विरार लोकल पकडून फोर्टमधल्या एका जाणकाराला दाखवलं. ठसा किती सरकलाय, साल वाचता येतं का, कड कानशीने घासलीय का, हे त्याने भिंगातून पाहिलं आणि काही शे रुपये सांगितले. दाखवायचे पैसे घेतले नाहीत. वहिनींनी विकलं नाही. म्हणाल्या, "१,५०० ला पडलंय मला, राहू दे."

शेत किंवा पाया खणताना नाणी निघाली, तर ती वेगळी बाब. १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा १८७८ चा कायदा आहे.

पुढच्या बैठकीला आपापली डबी आणा, भिंग आम्ही आणतो. आणि कृपा करून, येण्याआधी नाणी चिंचेने घासू नका. लख्ख केलेल्या नाण्याची किंमत उतरते.