घरातलं इंटरनेट कुणाच्या भरवशावर?

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी ओटीपी येईना म्हणून किती जणी गच्चीवर नि टेकाडावर मोबाईल धरून उभ्या राहिल्या, ते तुम्हाला सांगायला नको. घरात पक्कं इंटरनेट असणं ही आता चैन राहिलेली नाही.

ते द्यायला मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्या पुढे येताहेत. 5 नोव्हेंबर 2025 रोजी राज्य सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आपल्या मराठवाड्यातल्या धाराशिवचं नाव आहे. स्टारलिंक ही रॉकेट बनवणाऱ्या स्पेसएक्स कंपनीची सेवा. छतावर थाळीसारखा अँटेना बसतो आणि तो थेट आकाशातल्या उपग्रहांशी जोडला जातो. गावापर्यंत तार ओढावी लागत नाही. उद्या आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात अशी एखादी कंपनी आली, तर काय करायचं हे आजच ठरवलेलं बरं.

अमेरिकेत असं आधी घडून गेलंय. आपण मोबाईलवर काहीही शोधतो ते गुगल. या कंपनीने 2012 मध्ये कॅन्सस सिटी शहरात घरोघर इंटरनेटची तार द्यायला घेतली. अट अशी, की ज्या वस्तीतली पुरेशी घरं दहा डॉलर भरून नाव नोंदवतील, तिथेच तार जाणार. सधन वस्त्यांची नोंदणी भराभर झाली, गरीब वस्त्या मागे पडल्या. मग शिक्षक, ग्रंथालयातली माणसं, कार्यकर्ते दारोदार फिरले, तेव्हा त्यातल्या बऱ्याच वस्त्या यादीत आल्या.

दुसरी गोष्ट लुईव्हिल शहराची. तिथे गुगलने 2017 मध्ये सेवा सुरू केली. पण तार रस्त्यात फार उथळ पुरली होती, ती वर येऊ लागली. सगळं पुन्हा करायचं तर खर्च मोठा, म्हणून 2019 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. घरांना दुसरी सोय बघावी लागली.

म्हणजे मागणी दिसते तिथे कंपनी येते, आणि परवडेनासं झालं की जाते. म्हणून मागणी एकजुटीने करायची, पण सगळा भार एकाच खांद्यावर टाकायचा नाही.

ज्या केसासारख्या काचेच्या तंतूतून इंटरनेट धावतं, तो आपल्या वाळूजच्या कारखान्यात बनतो. 2011 मध्ये मंजूर झालेल्या सरकारी योजनेतून, म्हणजे आजच्या भारतनेटमधून, ही तार ग्रामपंचायतीपर्यंत आणायची आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ती आली का, चालू आहे का, शाळा-अंगणवाडीला जोडली का, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा.

आणि कंपनीचा माणूस दारात आला, तर कर्ज घेताना व्याज, हप्ता, मुदत विचारतो तसंच विचारा. यंत्र आणि ते बसवण्याचा खर्च किती? सुरुवातीची सवलत संपली की महिन्याला किती, आणि जीएसटी धरून किती? ठरावीक वापरानंतर वेग कमी होतो का? लाईट गेली तर काय? बिघडलं तर कोण येणार, किती दिवसांत? जोडणी बंद केली तर अनामत परत मिळणार का? उत्तरं कागदावर घ्या. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा नंबर आहे.

शेवटचं, पण महत्त्वाचं. जोडणी कुणाच्या नावावर असेल आणि पासवर्ड कुणाकडे राहील, हेही घरात बोलून घ्या. पैसे गटाच्या बचतीतून जाणार असतील, तर पोरीच्या अभ्यासाला आणि तुमच्या कामाला ते इंटरनेट हक्काने मिळालं पाहिजे.

येत्या बैठकीत एक पान काढा. किती घरांना इंटरनेट हवंय, कशासाठी हवंय आणि महिन्याला किती परवडेल, ते लिहा. कंपनी असो की ग्रामपंचायत, हे पान समोर ठेवूनच बोला.