उन्हातून गारवा, पण कोणासाठी?



गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीच्या सौर ऊर्जा केंद्रात २०११ साली पुण्याच्या थरमॅक्सच्या सहकार्याने १०० किलोवॅटची सौर वातानुकूलन यंत्रणा उभी राहिली. आरशांनी गोळा केलेल्या उष्णतेवर पाणी आणि लिथियम ब्रोमाइडचे चक्र फिरते, खोल्या गार होतात. विजेचा कॉम्प्रेसर नाही. वीज लागते ती पंप-पंख्यांपुरती. गारव्याची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ऊनही कडक!

मग हा गारवा साहेबांच्या केबिनपुरताच का? तापलेल्या पत्र्याखाली टपाल छाटणाऱ्याला तो नको? रात्रपाळी करून दुपारी उकाड्यात तळमळणारा ड्रायव्हर पुन्हा गाडीवर चढतो, तेव्हा प्रश्न प्रवाशांच्या जिवाचाही असतो. छपरे आहेत, ऊन आहे, तंत्र आहे. मागणीपत्रात हे कलम आलेच पाहिजे!