शिवणाऱ्याच्या पाठीचा विचार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यातील व्याख्यानाचा विषय बहुधा शिक्षण, विवाहातील खर्च अथवा समाजाचे संघटन असा असतो. मी आज जो विषय घेतला आहे तो यांहून साधा आहे, परंतु आपल्यापैकी बहुतेक घरांत तो रोज रात्री कण्हत असतो. शिवणकाम करणाऱ्या माणसाची मान, पाठ, खांदे आणि मनगटे, हा तो विषय होय.

मी पेशाने शिक्षक. यंत्रावर बसून पोट भरण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही. तथापि ज्या समाजात नामदेवरायांसारखे संत जन्मास आले, त्या शिंपी समाजात मी वाढलो. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले पुढे उत्तम कारागीर झाली. त्यांतील काहींनी ऐन पंचेचाळिशीत यंत्र झाकून ठेवलेले मी पाहिले आहे. त्यांचे गिऱ्हाईक तुटले नव्हते आणि कसबही कमी झाले नव्हते. मान वळेना आणि हात खांद्यावर जाईना, एवढेच कारण होते. तयार कपड्यांच्या बाजाराने आपला धंदा आखडला, अशी चर्चा आपण नेहमी करतो आणि ती खरीही आहे. परंतु ज्याचे हात अजून शिवू इच्छितात त्याला त्याचे शरीरच दुकानाबाहेर काढते, या हानीची चर्चा आपण कधीच करीत नाही.

ही व्यथा आजकालची नाही. इटलीतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने इ. स. १७०० मध्ये निरनिराळ्या कारागिरांच्या रोगांवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला त्याचा धंदा कोणता हे वैद्याने अवश्य विचारावे, असा आग्रह धरणारा हा थोर पुरुष. बैठे काम करणाऱ्यांविषयी लिहिताना त्याने शिंपी आणि चांभार यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. सणाच्या मिरवणुकीत या कारागिरांचे संघ रस्त्याने चालत, तेव्हा त्यांची वाकलेली पाठ आणि लंगडती चाल पाहणाऱ्याच्या नजरेत भरे, असे त्याने नमूद केले आहे. आपल्या शरीरशास्त्रातही या धंद्याची खूण राहून गेली आहे. नितंबाच्या हाडापासून गुडघ्याच्या आतील बाजूपर्यंत तिरका जाणारा, शरीरातील सर्वांत लांब स्नायू ‘सार्टोरियस’ या नावाने ओळखला जातो. ‘सार्टर’ म्हणजे लॅटिन भाषेत शिंपी. मांडी घालून बसण्याच्या शिंप्याच्या बैठकीवरून हे नाव पडले.

पुढे १८५७ साली वोय्चेख यास्त्शेंबोव्स्की या पोलंडमधील निसर्गशास्त्रज्ञाने काम आणि नियम या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून या विषयाला ‘एर्गोनॉमिक्स’ हे नाव दिले. आपण त्याला कामाचे शास्त्र म्हणू. त्याचे सूत्र असे की, माणसाला कामाच्या साच्यात कोंबू नये, कामाची मांडणीच माणसाच्या शरीरास जुळवून घ्यावी. शिंप्याला हे सूत्र नव्याने शिकविण्याची आवश्यकता आहे काय? अंगाचे माप घेऊन कापड बेतावे, कापडाच्या मापाने अंग कापू नये, हा तर आपला पिढीजात धर्म. आश्चर्य एवढेच की, जगाची मापे घेणाऱ्या आपण स्वतःच्या बैठकीचे माप कधी घेतले नाही.

आता दुखण्याचे कारण थोडक्यात पाहू. माणसाचे डोके चार ते पाच किलो वजनाचे असते. ते कण्यावर सरळ तोललेले असेल तर मानेच्या स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. परंतु सुईकडे पाहण्यासाठी ते पुढे झुकले की तेच वजन मानेच्या मागील स्नायूंना तासन् तास ओढून धरावे लागते. स्नायू चालता असतो तेव्हा त्यात रक्त खेळते. तो एकाच स्थितीत आवळून राहिला की रक्ताचा पुरवठा कमी होतो आणि तो आतून शिणतो. म्हणूनच हातपाय फारसे न हलविताही शिंपी हमालाइतका थकतो. कण्याच्या मणक्यांमधील चकत्यांची गोष्ट तर आणखी निराळी. प्रौढ माणसाच्या या चकत्यांत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शरीराची हालचाल होत राहिली की दाब कमीजास्त होतो आणि त्यामुळे त्यांचे पोषण होण्यास साहाय्य होते. पुढे वाकून अचल बसणाऱ्याच्या चकत्यांवर दाब अधिक आणि पोषण उणे, अशी दुहेरी आपत्ती येते. कात्रीने व काज करण्याने अंगठ्याचे मूळ आणि मनगट यांवर ताण पडतो. मनगटातून जाणारी मज्जातंतूची दोरी दबली की अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन झोप मोडते.

“मग कारागिरांना नीट बसण्यास शिकवा म्हणजे झाले,” असे कोणी म्हणेल. शिक्षकाला हा उपाय अर्थातच प्रिय. परंतु येथे मला माझ्याच पेशाच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. अमेरिकेत टपाल खात्यातील सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांवर एक मोठा प्रयोग करण्यात आला व त्याचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. पाठ कशी सांभाळावी, ओझे कसे उचलावे, याचे पद्धतशीर शिक्षण त्यांतील काहींना देण्यात आले. त्यांचे ज्ञान वाढले, परंतु पाठीच्या दुखापती काही कमी झाल्या नाहीत. याच्या उलट लॉस एंजेलिस शहरातील कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत, मान व खांदे दुखणाऱ्या २७७ कारागिरांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काहींना केवळ बसण्याची खुर्ची बदलून देण्यात आली. तिची उंची कमीजास्त करता येत होती आणि बैठकीला योग्य असा बाक होता. चार महिन्यांत त्यांच्या वेदना इतरांच्या मानाने स्पष्टपणे कमी झाल्या. तात्पर्य, नुसत्या उपदेशाने पाठ सरळ होत नाही. प्रथम बैठक बदलावी लागते आणि त्यासोबत दुकानाची रीत बदलावी लागते. या दोन्हींविषयी मी क्रमाने बोलतो.

प्रथम बैठक. आपल्या कित्येक दुकानांत कारागीर लाकडी स्टुलावर, घडी केलेल्या चिंध्यांवर किंवा उलट्या डब्यावर बसलेला दिसतो. त्याऐवजी पाठीला आधार असलेली आणि उंची बदलता येणारी खुर्ची घ्यावी. दोन्ही पाय पायट्यावर सहज टेकले पाहिजेत आणि पायटा इतका आत असावा की कंबर पुढे सरकवावी लागू नये. बसल्यावर यंत्राचे टेबल कोपराच्या किंचित वर यावे. टेबल शिवणाऱ्याकडे थोडे उतरते, म्हणजे सुमारे दहा अंशांनी कललेले असेल तर मान कमी झुकते, असे परदेशांतील अभ्यासांत आढळले आहे. सुतारास बोलावून मागील पाय पक्के उचलून घ्यावेत, यंत्र डगमगेल अशा विटा मात्र ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट उजेडाची. मान वाकते ती बहुतेक वेळा डोळ्यांसाठी वाकते. सुईपाशी छोटा दिवा असावा. चाळिशी लागल्यावर चष्मा घेताना सुईच्या अंतरावर स्पष्ट दिसेल असा मागून घ्यावा. चष्म्याचा संकोच करून वाकणाऱ्या कारागिराची मान त्या संकोचाचे मूल्य देते.

तिसरी गोष्ट कापणीची. उभ्याने कापड बेतण्याचे टेबल कोपराच्या चार-सहा बोटे खाली असावे. उंच कारागीर आणि बुटका कारागीर यांना एकच टेबल सारखे सोयीचे होणार नाही. बुटक्याला पायाखाली फळी द्यावी. कात्रीला वेळेवर धार लावावी, कारण बोथट कात्री कापडाच्या आधी हात कापते.

चौथी गोष्ट विसाव्याची. दर अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे उठावे, खांदे मागे फिरवावेत, मूठ उघडावी-मिटावी. शिवण, कापणी, इस्त्री, काजबटण ही कामे एकाच माणसाने दिवसभर न करता आलटून पालटून केली तर एकाच अवयवावर भार राहत नाही. आणि पायात बधिरता किंवा अशक्तपणा वाढत असेल अथवा लघवीवरील ताबा जात असेल, तर मालिश आणि लेप यांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता रीतीचा प्रश्न. तो खर्चाहून कठीण आहे. नवशिक्या मुलाने “मास्तर, पाठ भरून आली” असे म्हटले की त्यास उत्तर मिळते, “आम्ही कंदिलाच्या उजेडात शिवले, तुझी एवढ्यात पाठ दुखते?” तो मुलगा पुन्हा बोलत नाही. दुखणे सांगणे म्हणजे आळस, आणि सोसणे म्हणजे कसब, अशी समजूत आपण पिढ्यान् पिढ्या जोपासली आहे. यंत्र थोडे कुरकुरले की आपण तेल घालतो, पट्टा तपासतो. कारागीर कुरकुरला की त्यास दटावतो. ज्या दुकानात मालक आठवड्यातून एकदा स्वतः होऊन “कोणाचे काय दुखते?” असे विचारील, तेथे दुखणे लहान असतानाच कळेल आणि पाट, टेबल वा काम बदलून ते थांबविता येईल. मालकाने स्वतः उठून खांदे मोकळे केल्यावाचून कारागीर उठणार नाही, हेही ध्यानात घ्यावे.

मजुरी नगावर असते, उठले तर दोन पैसे बुडतात, हा आक्षेप खोटा नाही. परंतु शिणलेल्या हाताची शिवण उसवावी लागते आणि वाया गेलेल्या कापडाची भरपाईही करावी लागते, तो हिशेब कोण करतो? शाळेचे गणवेश, लग्नसराई आणि दिवाळी या तीन हंगामांत रात्रीचा दिवस करण्याची आपली प्रथा आहे. काही जाणते दुकानदार दिवाळीपूर्वी पंधरा दिवस ‘नवीन काम बंद’ अशी पाटी लावतात. गिऱ्हाईक थोडे रागावते, परंतु पुढील वर्षी अधिक लवकर येते. ही पाटी सर्वांनी मिळून लावली तर कोणा एकाचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार नाही. येथेच ज्ञातिसंस्थेचा उपयोग आहे. एकट्याने जे जमत नाही ते संघाने जमते.

भगिनींविषयी वेगळे बोललेच पाहिजे. साड्यांना फॉल-पिको करणे, काजबटण, तुरपाई ही कामे त्या घरी, जमिनीवर बसून, स्वयंपाक आणि मुले सांभाळून करतात. त्यांच्या कामाला ‘फावल्या वेळचे काम’ म्हणण्याची आपली सवय आहे. वास्तविक त्यांना फावला वेळच उरत नाही. दुकानातील खुर्चीचा विचार करताना घरातील या बैठकीचाही विचार व्हावा. भिंतीला पाठ टेकेल अशी जागा, मांडीऐवजी गुडघ्याएवढ्या उंच पाटावर काम आणि खिडकीचा उजेड, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. घरातील पुरुषाने पाणी भरण्याचे व दळण आणण्याचे काम उचलले तर आणखी पडेल.

शेवटी मंडळास माझ्या तीन नम्र सूचना आहेत. शिक्षणनिधीप्रमाणेच एक लहानसा निधी उभारून सभासद कारागिरांस चांगल्या खुर्च्यांसाठी बिनव्याजी हप्त्याने रक्कम द्यावी. वर्षातून एकदा हाडांच्या डॉक्टरांस आणि व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञास मेळाव्यात न बोलाविता प्रत्यक्ष दुकानांत न्यावे, म्हणजे ते बैठक पाहून सल्ला देतील. आणि दिवाळीपूर्वीच्या पाटीची तारीख सर्व सभासदांनी मिळून एकच ठरवावी. आपल्या दोन-तीन यंत्रांच्या दुकानांत तपासनीस सहसा पाऊल टाकीत नाही, म्हणून आपले नियम आपणच केले पाहिजेत.

आपली मुले हा धंदा पुढे चालवतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. ती अन्य मार्गाने गेली तर आनंदच आहे. परंतु ज्यांना सुई-दोऱ्याची गोडी आहे त्यांनी केवळ वडिलांची वाकलेली पाठ पाहून तो सोडू नये, एवढी व्यवस्था करणे आपल्या हातात आहे.