विटा, शाळा आणि मताचा हक्क
(व्याख्यानाचा मजकूर)



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, हे आपल्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण मुक्त झालेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले? त्यांनी शाळा कशी उभी केली, मत कसे मिळवले? ते आपल्या कानावर फारसे येत नाही. म्हणून आज आम्ही तिकडच्या एकाच लहान मुलखाची हकिगत सांगणार आहोत.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्य आहे. त्यात मॅकन नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. तिचे मुख्य गाव टस्कगी. सगळा कापसाचा मुलूख. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्यांची आणि राबणारे हात काळ्यांचे, हे काही बदलले नाही.

या गावात लुईस अॅडम्स नावाचे कारागीर होते. जन्माने गुलाम. पत्र्याचे काम, जोडे, घोड्याचे साज यात हात बसलेला. निवडणुकीत गोरा उमेदवार त्यांच्याकडे काळ्यांची मते मागायला आला, तेव्हा अॅडम्स यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही, शाळा मागितली. १८८१ साली राज्याने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारापुरते. जागा नाही, इमारत नाही. ४ जुलै १८८१ रोजी चर्चच्या आसऱ्याने ३० विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली. मुख्याध्यापक बुकर टी. वॉशिंग्टन. तेही गुलामाच्या झोपडीत जन्मलेले.

पुढे कर्ज काढून शंभर एकरांची पडीक जमीन घेतली. इमारतीला विटा हव्यात, म्हणून विद्यार्थ्यांनीच भट्टी लावली. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरीही फसली. हातात पैसा उरला नाही, तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली! मग गावचे गोरे लोकसुद्धा त्यांच्या विटा विकत घ्यायला येऊ लागले. रॉबर्ट टेलर या कृष्णवर्णीय वास्तुतज्ज्ञाने इमारतींचे आराखडे काढले. १८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. १९०६ पासून त्यांच्या कल्पनेतली गाडी शेतीची अवजारे व माहिती घेऊन खेडोपाडी फिरू लागली.

१९१२ नंतर शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून खेड्यांत शाळा निघाल्या. पहिल्या सहा शाळा याच भागातल्या. पण देणगी पूर्ण खर्चाची नव्हती. गावकऱ्यांनी आपले पैसे, लाकूड आणि अंगमेहनत घालायची, अशी अट होती. १९३२ पर्यंत साऱ्या दक्षिणेत अशा जवळजवळ पाच हजार शाळा झाल्या.

आता खरा प्रश्न. वॉशिंग्टन म्हणत, आधी हुन्नर आणि पैसा मिळवा, हक्कांची घाई नको. डॉ. डु बॉइस यांनी १९०३ साली याला उघड विरोध केला. मत नसलेल्या माणसाची कमाई सुरक्षित राहात नाही, असे त्यांचे म्हणणे. याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. दोघांत कोण बरोबर, याचे उत्तर मॅकन कौंटीनेच दिले.

१९३२ साली सरकारच्या आरोग्य खात्याने इथल्या सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर गर्मीच्या रोगाचा ‘अभ्यास’ सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना रोग होता. त्यांना तो नीट सांगितला नाही. पेनिसिलिन हाताशी आले तरी दिले नाही. संस्थेच्या दवाखान्याचीही त्यात साथ होती. हे ४० वर्षे चालले, १९७२ साली वर्तमानपत्रांतून फुटले, आणि राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली. नोटासुल्गा गावाजवळ शायलो चर्च आहे. तिथेच रोझेनवाल्ड शाळा आणि तिथेच स्मशानभूमी. त्या ‘अभ्यासा’तली काही माणसे या मातीत आहेत. शाळा उभी राहिली, पण शेजारच्या माणसाचा जीव तिला वाचवता आला नाही.

१९५७ साली टस्कगीची हद्दच बदलली. चौकोनी गाव अठ्ठावीस बाजूंचे केले, आणि सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे गावाबाहेर! तेव्हा प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या पुढाकाराने लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. तो टिकला, कारण संस्थेत आणि १९२३ साली निघालेल्या सैनिकांच्या इस्पितळात नोकरी करणाऱ्यांची चूल गोऱ्या मालकावर अवलंबून नव्हती. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल लोकांच्या बाजूने दिला.

१९६३ साली तेरा कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या हायस्कुलात निघाली, तर गव्हर्नरांनी पोलीस लावून शाळाच बंद केली. खटला चालत राहिला. १९६७ साली त्याच खटल्यातून साऱ्या राज्याच्या शाळांना भेद मोडण्याचा हुकूम झाला. १९६६ साली लुशियस अॅमरसन हे कृष्णवर्णीय गृहस्थ कौंटीचे शेरीफ निवडून आले.

बंधू-भगिनींनो, नुसत्या विटांनी भागले नाही, आणि विटांवाचून लढाही उभा राहिला नसता. स्वतःच्या पायावर उभी असलेली माणसे होती, म्हणून तीन वर्षे कोर्टाची वाट पाहता आली.

तिकडच्या लोकांनी कोणी लाकूड दिले, कोण कोर्टात उभे राहिले, कोण कुठे पुरले गेले, हे लिहून ठेवले. आमची एवढीच विनंती, की आपापल्या घरी वर्गणीच्या जुन्या पावत्या असतील, श्रमदानाच्या आठवणी सांगणारी आजी असेल, तर ते आजच वहीत उतरवा. उद्या आपल्या नातवंडांना मॅकन कौंटी ठाऊक असेल आणि आपली गल्लीच ठाऊक नसेल, असे होऊ देऊ नका.

जय भीम!