टोरीचे तेल आणि आपले केस
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, हे तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे. तेव्हा मोठ्या विषयावर बोलण्याचा आव मी आणत नाही. चिटणीसबाईंनी "घरातल्या उपयोगाचे काही सांगा" असा आग्रह केला, म्हणून आज केसांच्या तेलावर चार शब्द बोलते. विषय हलका वाटेल. पण ज्यांच्या घरी लग्नाच्या वयाची मुलगी आहे आणि तिचे केस कुरळे आहेत, त्यांना तो हलका वाटणार नाही.

हल्ली मुली एक डबी विकत आणतात. तिच्यावर "शिया बटर" असे छापलेले असते. शंभर ग्रॅमला काही शे रुपये पडतात. माझ्या पुतणीने आणली तेव्हा मी बोटाला लावून पाहिले आणि हसूच आले. थंडीतले टोरीचे तेल जसे थिजते, हुबेहूब तसेच! मग तिच्याकडूनच सगळी माहिती वाचून घेतली. ती ऐकण्यासारखी आहे.

हे शियाचे झाड आफ्रिकेतले. सेनेगलपासून युगांडापर्यंत कोरड्या मुलखाचा एक लांब पट्टा आहे, त्यात ते आपोआप उगवते. मंगो पार्क नावाचा एक प्रवासी १७९६ च्या सुमारास त्या मुलखात नायजर नदीच्या काठाने हिंडला. हे लोणी मिठाशिवाय वर्षभर टिकते, असे त्याने लिहून ठेवले आहे. तिथे हे काम बायकांचेच. पावसाच्या तोंडाशी पडलेली फळे वेचायची, बिया उकळायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, वाटायच्या, आणि तो लगदा पाण्यात हातांनी घुसळत राहायचा, की वर पांढरे लोणी तरंगून येते. आपल्या ताक घुसळण्यासारखेच. फक्त हात दुखतात जास्त. एवढे कष्ट करून त्यातले बहुतेक लोणी जाते कुठे, तर चॉकलेट करणाऱ्या कारखान्यांत! युरोपात २००० साली नियम झाला, त्यात चॉकलेटमध्ये थोड्या प्रमाणात चालतील अशी सहा वनस्पतींची तेले सांगितली आहेत. त्यांत शिया आहे, आणि आपल्या देशातले कोकम आणि आंब्याची कोयही आहे. कोकणातल्या बायका भेगाळलेल्या टाचांना भिरंडेल लावतात, ते हेच कोकमाचे तेल.

आता मुख्य गोष्ट. हा शिया आणि आपला मोहा एकाच कुळातले. चिकू, खिरणी आणि आपण वेणीत माळतो ती बकुळ, हीही त्याच कुळातली. म्हणजे पुतणीच्या डबीतली पाहुणी मोहाची दूरची बहीण निघाली.

मोहाचे नाव काढले की मंडळी गालात हसतात. हसा. पण मी फुलांविषयी बोलत नाही, बियांविषयी बोलते आहे. चैत्रात फुले सरतात, मग फळे धरतात आणि ज्येष्ठ-आषाढात टोरी पडते. सालेकसा, देवरीकडच्या गावांत ज्यांचे माहेर आहे, त्यांना हे सांगायला नकोच. गोंड समाजात तर लग्नाच्या मांडवाला मोहाची डहाळी लागते. टोरीचे टरफल दगडाने फोडून आतला गर वाळवायचा. गरात निम्म्याच्या आसपास तेल असते, पण घाणीत तेवढे निघत नाही. चार किलो गर दिला तर किलोभर तेल हाती येते. जुन्या काळी गर वाफवून दोन जाड फळ्यांच्या चापात दाबून तेल काढीत. त्याच तेलात भाजी, त्याचाच दिवा आणि तेच हिवाळ्यात अंगाला. आज काय होते? बाई पावसात भिजत टोरी वेचते, व्यापाऱ्याला देते, तो साबणाच्या कारखान्याला देतो, आणि आपण बाजारातून साबणही आणतो आणि आफ्रिकेचे लोणीही. सरकारने २०१३-१४ पासून वनोपजांना आधारभूत किंमत देण्याची योजना आणली, तिच्यात मोहाची बीही आहे. पण आपल्या भागातल्या किती बायकांना तो भाव माहीत आहे? टोरी विकायचीच असेल, तर आधी त्या साली ठरलेला भाव विचारून मगच विकावी.

शिया आणि टोरी अगदी सारखी मात्र नाहीत. शिया जास्त घट्ट. टोरी उन्हाळ्यात पातळ आणि थंडीत तुपासारखी. टोरीला वासही उग्र. ताज्या, नीट वाळवलेल्या गराचे तेल फिकट पिवळे असते आणि त्याचा वास सोसवतो. ओलसर गर साठवला की बुरशी येते, मग तेल खवट होते आणि ते डोक्याला लावणारीजवळ कोणी बसत नाही. म्हणून गर खडखडीत वाळवावा, तेल गाळून कोरड्या बरणीत झाकून अंधारात ठेवावे आणि एका वेळी थोडेच काढून आणावे.

लावायचे कसे? कुरळे केस कोरडे का राहतात ते आधी पहा. डोक्याची कातडी आपले तेल सोडते, पण केसाला वळणे असली की ते तेल टोकापर्यंत उतरत नाही. सरळ केसांवर ते घसरत जाते. म्हणून कुरळ्या केसांची टोके तुटतात आणि गुंता होतो. तेव्हा केस धुवून, अजून दमट असताना, हरभऱ्याएवढे तेल तळहातावर घ्यावे, दोन्ही हात चोळून ते विरघळवावे आणि खालच्या अर्ध्या भागाला लावावे. तेल केसांना पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही, म्हणून दमट केसांनाच लावायचे. गुंता काढताना रुंद दातांची फणी घ्यावी आणि टोकाकडून वर वर जावे. वरून खाली ओढली की अर्धे केस फणीतच येतात. कोंडा किंवा तेलकट टाळू असेल तिने मुळांना लावू नये. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. आणि कोणी सांगेल की याने केस गुडघ्यापर्यंत वाढतात किंवा पांढऱ्याचे काळे होतात, तर त्यावर विश्वास ठेवू नका. टोरीही ते करीत नाही आणि शियाही नाही.

ढेपेचेही सांगून ठेवते. मोहाच्या ढेपेला रिठ्यासारखा फेस येतो. तमिळ मुलखात या झाडाला इलुप्पै म्हणतात आणि तिथे ही ढेप डोके धुवायला वापरीत. डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते. ती जनावरांना तशीच घालू नये, आणि धुतलेले पाणी तलावाकडे सोडू नये, कारण तिने मासे मरतात. आपला जिल्हा तलावांचा, आणि मासेमारीवर कितीतरी घरे चालतात.

आता ज्यासाठी हे सारे बोलले ते सांगते. माझ्या पुतणीला पाहायला मंडळी आली होती. मुलगी शिकलेली, शेतीचे काम जाणणारी. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "रंग सावळा आहे, चालेल, पण केस तेवढे सरळ करून घ्या." जाऊबाईंनी ऐकले आणि तिला शहरातल्या एका पार्लरमध्ये नेले. औषध लावून वरून तापलेली इस्त्री फिरवताना पोरीच्या डोळ्यांतून पाणी थांबेना. सरळ केस करण्याच्या काही औषधांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघतो, तो डोळ्यांना आणि छातीला घातक आहे. दोन महिन्यांत केस टोकांना झाडूसारखे झाले. स्थळ पुढे हुंड्यावरून मोडले ते मोडलेच.

तिकडे अमेरिकेत ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेले गेले, त्या बायकांनाही पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकावे लागले, की केस सरळ करा, तरच नोकरी. त्यांनी आपले केस जसे आहेत तसे राखायला सुरुवात केली आणि शियाचे लोणी तिकडे घरोघर गेले. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदाच केला, की जन्मजात केसांच्या ठेवणीवरून शाळेत वा कामावर कोणाला दूर ठेवता येणार नाही. आपल्याकडे पाहुणे मुलगी पाहायला येतात तेव्हा कोणता कायदा आड येणार? तिथे आपणच बोलायला हवे. तशी वेळ आमच्या घरी पुन्हा आली तेव्हा मी चहाचा ट्रे ठेवून सांगितले, "केस असेच राहतील." पाहुण्यांनी चहा घेतला, आणि बोलणे पुढे चालले.

पुतणीने आता केस वाढू दिले आहेत. दर आठवड्याला टोरीचे तेल लावते. वासासाठी त्यात बकुळीची सुकी फुले घालून ठेवते. ही युक्ती तिची, माझी नव्हे.

मोहाच्या झाडाविषयी एवढेच, की फुले वेचायला सोपे जावे म्हणून खालचा पाला जाळू नका. त्याने वणवे लागतात आणि कोवळी रोपे करपतात. टोरी वेचतानाही झाडाखाली मूठभर राहू द्या. तिची उगवण्याची शक्ती थोडेच आठवडे टिकते, घरी साठवून पुढल्या वर्षी पेरू म्हटले तर उगवत नाही. आणि रोप लावले तरी फूल दिसायला आठ-दहा वर्षे लागतात.

मी येताना दोन बाटल्या तेल आणले आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना हवे त्यांनी घरून छोटी वाटी घेऊन यावे. या आषाढात आपण दहा जणींनी मिळून टोरी विकत न देता घाणीवर न्यायची, असे माझ्या मनात आहे. ज्यांना यायचे त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. फोडण्यासाठी दगड आमच्या अंगणात आहेत.