वर्षभरात किती शिकल्या, किती वाचल्या?

(आपल्या संघाच्या अभ्यास सहलीत, मुंबईतल्या वरळीच्या बीडीडी चाळीत झालेलं हे भाषण. बोलणाऱ्या ताई निवृत्त आरोग्य सेविका असून याच चाळीत राहतात. सहलीला न आलेल्या सख्यांसाठी ते इथे देत आहोत.)



रात्रभर गाडीत बसून आलात. अंग आंबलं असेल, तरी सगळ्या वेळेवर हजर आहात. चहा झाला ना? मग मी लांबड लावत नाही. दुपारी तुम्ही परळला जाणार आहात. केईएम, टाटा हॉस्पिटल, हाफकिन, सगळं इथून जवळच आहे. मला तुमच्या अध्यक्ष ताईंनी सांगितलं, की जाण्याआधी बायांना समजावून सांगा, सार्वजनिक आरोग्याच्या या संस्था वर्षभर करतात तरी काय आणि त्याचा आपल्याशी संबंध काय.

मार्च संपला की आपल्या गटात काय सुरू होतं? जमाखर्च, ताळेबंद, ऑडिट. या संस्थांचंही तसंच. दरवर्षी त्यांचा अहवाल निघतो. त्यात दोन मोठे रकाने असतात. एक संशोधनाचा आणि दुसरा प्रशिक्षणाचा. इतके अभ्यास छापून आले, इतक्या जणांना शिकवलं, असं त्यात लिहिलेलं असतं.

पण तायांनो, आपल्या गटाच्या वार्षिक सभेत "बारा बैठका झाल्या" एवढं सांगून भागतं का? आपण लगेच विचारतो, बचत किती जमली? कर्ज कुणाला दिलं? त्यातून शेळी आली की नाही? फेड वेळेवर झाली का? मग आरोग्याच्या अहवालालाही आपण दोन साधे प्रश्न विचारायचे. कोण शिकलं? आणि त्या शिकण्यानं कोण वाचलं?

प्लेगपासून सुरुवात

पहिलं उदाहरण इथलंच घेते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरू लागली, लोक शहर सोडून गावाकडे पळाले. तेव्हा हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ इथे आले. अगदी थोड्या जागेत त्यांनी काम सुरू केलं आणि १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या सरकारी बंगल्यात त्यांची प्रयोगशाळा गेली. आज तुम्ही जी हाफकिन संस्था बघाल, ती हीच.

प्लेगनं मुंबईला आणखी एक धडा दिला. नुसती लस पुरत नाही. अंधाऱ्या, कोंदट, दाटीवाटीच्या जागेत माणूस राहिला तर रोग येतच राहणार. कामगारांच्या घरांचा प्रश्न मग सरकारला टाळता येईना. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या चाळी बांधल्या. बीडीडी हे नाव त्यातूनच आलं. एकट्या वरळीत १२१ चाळी. एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास सगळ्यांना मिळून. तुमच्यासारखीच गावाकडची माणसं गिरणीच्या कामाला आली आणि इथे राहिली. आता कुठे जुन्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत आणि लोकांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागलीत. म्हणजे लस टोचून घेतली काही महिन्यांत, पण धड घर मिळायला शंभर वर्षं लागली. आरोग्याचं काम असं दोन्ही बाजूंनी चालतं.

आपल्या दुखण्याची मोजदाद

आता गावाकडे येऊ. गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली. त्याआधी खेड्यातल्या बायकांच्या आतल्या दुखण्याची अशी गावात जाऊन मोजदाद फारशी कुणी केली नव्हती. काय निघालं? शंभरातल्या ९२ जणींना गर्भाशयाचा, योनिमार्गाचा, पाळीचा असा काही ना काही त्रास होता. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या किती? शंभरात आठ! १९८९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. तोवर "बायकांचं आरोग्य" म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंब नियोजन असंच धरलं जायचं.

त्याच संस्थेचं दुसरं काम तुमच्या दारापर्यंत पोचलंय. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवायचं. बाळाचं वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. ३९ गावांत हे केलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी अशी ४२ दिवसांपर्यंत येते ना? ती पद्धत सरकारनं २०११ मध्ये देशभर घेतली. तिचं मूळ गडचिरोलीच्या गावांत आहे.

दहावी शिकलेल्या बायांनी केलेलं काम

आता आजचा मुख्य विषय. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. नाव काढलं की बाया मान खाली घालतात. घालू नका. हा कॅन्सर एका दिवसात होत नाही. आधी तिथल्या त्वचेत बदल होतात आणि त्यांचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं जातात. त्या काळात सापडलं तर साध्या उपचारानं बाई बरी होते. पण त्या काळात काहीच दुखत नाही, म्हणून बाई जात नाही. सगळी गोम इथेच आहे.

परळच्या टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका. अर्ध्यांची दर दोन वर्षांनी तपासणी, अशा चार फेऱ्या. तपासणी कशाची? गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य औषध लावायचं आणि थोडा वेळ थांबून बघायचं. पांढरा डाग उठला तर पुढे डॉक्टरकडे पाठवायचं. (हा घरी करून बघायचा उपाय नाही हं. घरातलं व्हिनेगर कुणी लावू नका.)

आणि तपासणी केली कुणी? मोठ्या डॉक्टरांनी नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना चार आठवडे शिकवलं आणि त्यांनी ती केली. निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला. या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. याच बायांनी हातानं स्तनांचीही तपासणी केली होती. त्याचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले होते.

दुसरा अभ्यास खेड्यांतला. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं टाटाच्या साथीनं १९९९ मध्ये तो सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. या कॅन्सरला कारण असणारा विषाणू आहे का, हे बघणारी एचपीव्ही तपासणी एका गटाची फक्त एकदाच केली. आठ वर्षांनी बघितलं. तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरनं ६४ जणी गेल्या होत्या. तपासणी झालेल्या गटात ३४. दोन्ही गटांत तीस हजारांहून जास्त बायका होत्या. म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. धाराशिवमध्ये व्हिनेगरची तपासणीही काही गावांत एकदा केली होती. तिथे मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मुंबईत तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा दिसला. याचा अर्थ काय? एकदा जाऊन आले, झालं, असं नाही. बचतीसारखंच आहे हे. एकदा पैसे भरून कुणाचा गट चालत नाही.

एक अवघड प्रश्न

तुमच्यातल्या कुणीतरी मनात म्हणत असेल, ताई, ज्यांची तपासणी झाली नाही, त्या बायकांचं काय? त्या ६४ जणींचं काय? बरोबर आहे. हा प्रश्न देशात आणि बाहेरही विचारला गेला. करणाऱ्यांचं म्हणणं असं, की त्या काळात अशी तपासणी कुठेच नेमानं होत नव्हती, आणि तुलना केल्याशिवाय सरकारला पटवता आलं नसतं. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं, की तपासणीचा उपयोग होतो हे आधीच दिसत होतं, मग गरीब बायकांनाच बाजूला का ठेवलं? मला विचाराल तर दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, तरी तो प्रश्न आतून जात नाही.

म्हणून उद्या तुमच्या गावात कुणी अभ्यास करायला आलं, तर हाकलून लावू नका, पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी जसं वाचून घेता तसं वाचून घ्या. विचारा, आमच्याकडून काय घेणार? आम्हांला काय देणार? काही निघालं तर उपचार कोण करणार? मधेच नको म्हटलं तर चालेल का? निकाल आम्हांला येऊन सांगाल का? हे विचारणं तुमचा हक्क आहे.

शिकवणाऱ्या बाया

प्रशिक्षणाच्या रकान्यासाठी जामखेडचं उदाहरण सांगते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. गावातल्या बायका निवडल्या. कित्येक जणी निरक्षर, दलित, टाकलेल्या. त्यांना शिकवून गावची आरोग्य कार्यकर्ती केलं. पुढे देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी तिथे शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला याच बाया उभ्या राहिल्या. याला म्हणतात प्रशिक्षण. आकडा लिहून फोटो काढला आणि शिकलेली बाई घरी बसली, तर ते प्रशिक्षण कागदावरच राहिलं. शिकवल्यावर काम द्यायला हवं आणि कामाचा मोबदलाही. आपल्या आशाताईंना मोबदल्यासाठी रस्त्यावर बसावं लागतं, तेही या ताळेबंदातच लिहायला हवं.

मग वाचलं कोण?

आता शेवटचं आणि कडू. एवढे अभ्यास आपल्या महाराष्ट्रात झाले. जगानं वाचले. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी झाली आहे का? शंभरात जेमतेम दोघी हो म्हणाल्या. माल तयार आहे, पण बाजारात पोचलाच नाही म्हणा ना.

चाळीच्या जिन्यांवरून मी वर्षानुवर्षं दारोदार फिरले. ऐकलेली उत्तरं तुम्हांलाही पाठ असतील. "मला काय धाड भरलीय?" "आत्ता वेळ नाही, नळाला पाणी आलंय." "लाज वाटते." आणि सगळ्यांत खरं उत्तर, "काही निघालं तर?" त्यावर मी एवढंच म्हणायचे, अगं, निघालं तर वेळेवर निघालं. न बघितल्यानं ते जाणार आहे का?

तीस वर्षांवरच्या बायांची बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी सरकारच्या कार्यक्रमात आहे. आरोग्य मंदिरात, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तिथे होत नसेल तर कुठे होते हे त्यांनी सांगायला हवं. पाळी चालू नसेल त्या दिवशी जा. काही मिनिटांचं काम आहे. आणि संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अंगावरून घाण वासाचं पांढरं जात असेल, ओटीपोट सतत दुखत असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे जा. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सर आहे. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. मुलींसाठी एचपीव्हीची लसही आहे, पुण्याच्या सीरमनं ती आपल्याकडे बनवलीय. तिची चौकशी करा.

माझी मागणी एकच. पुढच्या मासिक बैठकीत बचतीच्या वहीत एक रकाना वाढवा: "तपासणी". कुणाला काय निघालं ते त्यात लिहायचं नाही, ते जिचं तिच्यापाशी. फक्त गेली की नाही, एवढी खूण. एकटीनं जायला लाज वाटते ना? मग दहाजणी मिळून जा. आधीच्या दिवशी आशाताईला कळवा. एकीचं मूल दुसरीनं सांभाळा. ज्या सखीला पुढे तालुक्याला पाठवलं, तिच्याबरोबर गटातली एकजण जाईल आणि एसटीचं भाडं गटातून मिळेल, असा ठराव करा.

पुढच्या मार्चमध्ये संघाचा अहवाल निघेल, त्यात कर्जफेडीच्या खाली ही ओळ येऊ द्या: इतक्या सख्या तपासणीला जाऊन आल्या. दीड लाख बायका मुंबईच्या वस्त्यांतून आणि सव्वा लाखांहून जास्त धाराशिवच्या खेड्यांतून उभ्या राहिल्या, म्हणून आपल्याला हे ज्ञान मिळालं. त्यांची कमाई आहे ती. आपण ती वापरली नाही, तर ती नुसती बँकेत पडून राहील.

गाडी खाली उभी आहे, पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. काही विचारायचं असेल तर परळपर्यंत मी तुमच्याबरोबरच आहे.